दोन त्रेचाळीस

आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉल (पुरुष) स्पर्धा यंदा ‘आपल्याकडे’ आहे, असं प्राचार्य अभिमानाने जाहीर करतात. आपल्याकडे म्हणजे मैदान आखणाऱ्याकडे. म्हणजे माझ्याकडे.

१८ बाय ९ मीटरचा आयत, मधोमध रेषा, तिच्यापासून तीन-तीन मीटरवर आक्रमण रेषा. एवढंच तर आहे! पण नुसत्या बाजू मोजल्या की आयताचा हमखास समांतरभुज चौकोन होतो आणि तो नेमका गणिताच्या सरांनाच दिसतो. म्हणून कर्ण धरायचा: अर्ध्या कोर्टाचा १२ मीटर ७३ सेंटिमीटर. दोन्ही कर्ण जुळले की सुतळी ताणायची आणि मगच फक्की. तीही सुतळीच्या आतून, कारण ५ सेंटिमीटरची रेषा कोर्टातच धरतात. उत्साही स्वयंसेवक ती बाहेरून मारतो आणि कोर्ट चहूबाजूंनी फुगतं. बोलावं, तर ‘सर, सरळ आलीय ना पण?’

खरा छळ नेटचा. पुरुषांसाठी उंची २.४३ मीटर, आणि ती मध्यावर मोजायची. दोन्ही कडा एकसारख्या हव्यात, त्यांना वर फार तर २ सेंटिमीटरची सूट. नेटच्या वरच्या पट्टीतली तार ताणायला घ्या, ओल्या मातीतले खांब लगेच गळाभेटीला आल्यासारखे आत झुकतात. तार ढिली, मध्य खाली. आणखी ताणा, आणखी झुकतात. बाहेरून तारेने ओढून बांधावेत, तर नियमात खांबांना तारा चालत नाहीत. (नियम करणाऱ्यांनी आमची काळी माती पाहिलेली नाही.) तेव्हा आदल्या दिवशीच बुडाशी विटा-खडी ठासायची, खांब किंचित बाहेर कललेले ठेवायचे. ताण बसला की ते उभे राहतात. संध्याकाळी हॉस्टेलची पोरं त्याच नेटला लोंबकळून आपली ‘जंप’ तपासतात, ते वेगळं.

पहिल्या पंचाची नजर नेटच्या अर्धा मीटर वर हवी. स्टँड कुठला असायला? टेबलावर बाक. सरांना चढवायला दोघं लागतात. उतरवायला किती, ते निकालावर.

मैदानी खेळात एक मात्र सोय आहे: बॉल रेषेला लागला की फक्की उडते आणि बॉलवर पांढरा डाग पडतो. पुरावा हातात! फक्त तो डाग या रॅलीचा की मागच्या, यावर दोन्ही कर्णधारांचं एकमत झालेलं पाहायला मिळत नाही. शिवाय दोन डाइव्ह पडल्या की कोपऱ्यातली रेषा खेळाडूंच्या बनियनवर जाते आणि लाइनमन अंदाजाने झेंडा हलवतो.

दुपारी हरणारा संघ येतोच. “सर, नेट मोजा.” काठी लावली की २.४१. सकाळपासून स्मॅशर त्याच्यावर आदळतायत, तार सैल पडणारच. यावर बाकावरून पंचांचा निवाडा येतो, “अरे, खाली होतं, तर तुम्ही का नाही मारलेत दोन स्मॅश जास्त?”