मेनू कुठे पळवला?

कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमचं परत अपडेट, परत वरची मेनूची पट्टी, म्हणजे मेनूबार, गायब! कोपऱ्यात नुसत्या तीन आडव्या रेघा, सगळा मेनू त्यांच्यामागे. २७ इंची स्क्रीन, त्यातली निम्मी रिकामी, आणि 'एक्स्पोर्ट' मात्र तीन क्लिक आत दडवलेलं. अहो, हा मोबाइल नाहीये!

जुन्या मेनूत 'सेव्ह'च्या उजवीकडे 'कंट्रोल+एस' हा कीबोर्डचा शॉर्टकट लिहिलेला असायचा. १९८३च्या ॲपल लिसा कॉम्प्युटरपासूनची सोय ही. दहादा माउसने शोधलं की अकराव्यांदा बोटं आपसूक कीबोर्डवर जायची. नवख्याला वाट सापडायची, सरावलेल्याचा वेग वाढायचा. आता? चिन्हावर कर्सर धरून ताटकळत बसा, मग टूलटिप, म्हणजे माहितीची छोटी चौकट, उगवणार: 'अधिक पर्याय'. कोणते, ते सांग की बाबा! वर शॉर्टकटही गुपचूप बदललेत. काल त्या नादात चालू फाइलच बंद झाली.