दहा वाजता माईक बंद

परवा रात्री मोकळ्या मैदानावर गाण्याचा प्रोग्राम होता, इथंच जळगावात. थंडी अशी की विचारू नका भो, मी दोन शाली आणि कानाला रुमाल, भाची माझी नुसत्या जॅकेटवर, म्हणे मावशी तू म्हातारी झालीस. घरून डब्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी नेल्या होत्या, गाद्यांवर बसून गाणं ऐकत खायच्या, आता याला कोणी गावंढळ म्हणत असेल तर म्हणो बापडे.

गाणाऱ्या बाईंनी सव्वानऊला बागेश्री राग सुरू केला. रंगायला जरा वेळ लागला पण मग जो रंगला ना, तेवढ्यात दहाला पाच कमी असताना आयोजकाचा पोरगा चिठ्ठी घेऊन स्टेजवर. बाई हसल्या, बागेश्री तिथेच आवरला आणि धाडकन भैरवी, म्हणजे मैफलीचा शेवट, पाच मिनिटांत खेळ खलास. पुढं बसलेली एक आजी शेजारणीला विचारत होती, "काय व्हयनं वं माय, बंद करी टाकं का?" मागून एका काकांचा आवाज आला, कोर्टाने गाण्याची वाट लावली. मी पण मान हलवली, खोटं का बोलू. पूर्वी रात्रभर बैठकी चालायच्या, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. आता मोकळ्या जागेत रात्री 10 ते सकाळी 6 माईक बंद, वर्षातले फार तर 15 दिवस 12 वाजेपर्यंत सवलत आणि ती बहुतेक गणपती-नवरात्रातच संपते.

भाची वकील आहे, जेएमएफसीची तयारी करते, म्हणजे न्यायाधीशाची परीक्षा. ती गप्प होती. गाडीवर बसल्यावर म्हणाली, मावशी तुला माहितीये का ती माईकची केस कशावरून सुरू झाली? मला वाटलं कोणा म्हाताऱ्या माणसाची झोपमोड झाली असेल. तर तसं नाही. एका 13 वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारी कर्णे एवढ्या जोरात चालू होते की तिच्या किंकाळ्या कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःला पेटवून घेतलं, गेली. त्यावरून एका इंजिनिअर माणसानं 1998 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि जुलै 2005 ला निकाल आला. 10 वाजताचा नियम सरकारचा 2000 सालचाच होता पण कोर्टानं तो असा पक्का केला की आता आयोजकाची टाप नाही. हे ऐकल्यावर भैरवीबद्दल कुरकुर करायला तोंडच राहिलं नाही माझं.

आणि हो, तो निकाल देणारे दोन्ही न्यायमूर्ती पुरुष होते. हे मुद्दाम सांगतेय कारण बाईच खुर्चीवर असली म्हणजेच बाईचं ऐकू येतं असं काही नसतं. तरीपण. विशाखा निकाल 1997 चा, कामाच्या जागी त्रास झाला तर बाईनं कुठं जायचं ते ज्यात पहिल्यांदा ठरलं, तो देणाऱ्या तिघा न्यायमूर्तींत सुजाता मनोहर होत्या, मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. तिघांत एक होती, बरं वाटतं.

पण आकडे बघा. सुप्रीम कोर्ट सुरू झालं 1950 ला, पहिली बाई 1989 ला, फातिमा बीवी. आपल्या प्रतिभाताई, जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या, 2007 ला राष्ट्रपती झाल्या तेव्हा जिल्ह्यात केवढे पेढे वाटले होते, आणि त्या दिवशी सुप्रीम कोर्टात एकही महिला न्यायाधीश नव्हती. एकपण नाही! 2006 ला रुमा पाल रिटायर झाल्यावर पुढची यायला 2010 उजाडलं. 2025 ला बेला त्रिवेदी गेल्यावर 34 जागांत एकट्या नागरत्ना मॅडम राहिल्या. ज्येष्ठतेनं 2027 मध्ये त्या सरन्यायाधीश होतील, देशातल्या पहिल्या, आणि किती दिवस? 36. आमच्याकडे लग्नाची तयारी यापेक्षा जास्त दिवस चालते.

लोक म्हणतात खालून वर यायला वेळ लागतो. मान्य, खालच्या कोर्टात आता तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बाया आहेत, परीक्षा असली की पोरी पास होतात. वरच्या कोर्टांत, जिथं परीक्षा नाही, कोणीतरी नाव सुचवायचं असतं, तिथं गाडी अडते. माझं आपलं मत.

त्यात आता मे 2025 पासून या परीक्षेला बसायला तीन वर्षं वकिलीचा अनुभव कम्पल्सरी. मी म्हणते निर्णय चुकीचा नाही, कोर्ट न बघितलेली बावीस वर्षांची पोर एकदम खुर्चीवर बसवायची हे मलाही पटत नव्हतं. पण खान्देशातल्या घरात त्या तीन वर्षांचा अर्थ काय होतो ते दिल्लीत कळत असेल का? ज्युनिअरला सिनियर देतो पेट्रोलपुरते पैसे, कधी तेही नाही, मुलाला घरचे म्हणतात काही हरकत नाही शिकतोय, पोरीला म्हणतात मग लग्न कधी करायचं. माझ्या बहिणीकडे चोपड्याला दर रविवारी कोणाचा ना कोणाचा फोन येतो स्थळ घेऊन, आणि पहिला प्रश्न, कोर्टात जाते का? म्हणजे जणू आरोपी म्हणून जाते.

अजून एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. त्या मैदानावर बायांसाठी संडास नव्हता. होता म्हणे एक, स्टेजच्या मागं, कुलूप लावलेला. म्हणून मी सहा वाजल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, गाण्याला जायचं तर ही आमची पूर्वतयारी. भाची म्हणाली मला सवय आहे, कोर्टात पण तसंच करते. मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिनं सांगितलं, 2021 ला सरन्यायाधीश रमणा औरंगाबादला हायकोर्टाच्या खंडपीठाच्या नवीन इमारतीच्या कार्यक्रमात स्वतः बोलले होते की देशातल्या 26 टक्के कोर्टांच्या आवारात बायांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. आणि ते खंडपीठ म्हणजे आपलंच, जळगाव-धुळे-नंदुरबारची अपिलं तिथंच जातात.

तर पुढच्या हिवाळ्यात मैदानावर प्रोग्राम ठेवणाऱ्यांनो, दहाला बंद करा, माझी काही तक्रार नाही आता. सहाऐवजी साडेपाचला सुरू करा, बागेश्रीला पुरेसा वेळ ठेवा, आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते पत्रिकेवर छापा.

भाचीची दोन वर्षं झाली वकिलीची, एक बाकी आहे. चोपड्याहून कोणी फोन केला तर माझा नंबर द्या, मी बोलते.