छपरातली खिडकी आणि 'सहा सोनेरी नियम'

रविवारी रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, ठेकेदारानं डॉर्मरच्या 'सहा सोनेरी नियमां'चा एक मेसेज पाठवलाय. वाच आणि लगेच सांग, मंगळवारी कैच्या चढतायत." तिचं घर इंदूरबाहेर राऊच्या बाजूला चाललं आहे. समोरून ३० फूट लांब, २४ फूट खोल, वर लोखंडी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आणि मंगलोरी कौलं. पुढचा उतार पूर्वेला, मागचा पश्चिमेला. छपराखालची खोली माझ्या भाच्याची. तो मेसेज तोवर मला तीन गटांवर येऊन गेला होता आणि मी तो सोडून दिला होता. आता त्याच्या भरवशावर माझ्या बहिणीच्या छपराला भोकं पडणार आहेत, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

डॉर्मर म्हणजे उतरत्या छपरातून उभी वर आलेली खिडकी, तिच्यावर तिचं स्वतःचं छोटं छप्पर. मेसेजचे सहा नियम थोडक्यात असे. एक, डॉर्मर जितका रुंद तितकं घर भारदस्त, किमान ७ फूट हवाच. दोन, कोणत्याही छपराला डॉर्मर काढला की पोटमाळ्याची राहण्याजोगी खोली होते. तीन, एक डॉर्मर पश्चिमेला ठेवा, काच पक्की बंद करा, म्हणजे संध्याकाळचा प्रकाश मिळेल आणि गरमी-धूळ बाहेर राहील. चार, डॉर्मरचं आढं, म्हणजे त्याच्या छपराची सगळ्यात वरची रेषा, मुख्य आढ्याच्या रेषेत आणा, सांधे सिलिकॉननं बंद करा. पाच, डॉर्मरची संख्या विषम आणि खिडकीचं प्रमाण १.६१८, म्हणजे 'सुवर्ण गुणोत्तर'. सहा, ही आपलीच परंपरा, इंदूरचा होळकरांचा राजवाडा बघा.

पहिल्या नियमापासूनच सुरू करतो, कारण सगळं नुकसान तिथून सुरू होतं. ठेकेदारानं समोर तीन डॉर्मर सुचवले आहेत, प्रत्येकी ७ फूट. म्हणजे ३० फुटांतले २१ फूट गेले, छपराला उरले ९. हे छपरातले डॉर्मर नव्हेत, डॉर्मरांच्या फटींतून डोकावणारं छप्पर आहे. पुढे बघा. आत खिडकी धरली आहे अडीच फुटांची. ७ फूट म्हणजे ८४ इंच, त्यातून ३० वजा केले की ५४ उरतात. खिडकीच्या दोन्ही अंगांना सत्तावीस-सत्तावीस इंचांची कोरी भिंत! ती कशासाठी? भिंतीतून उजेड येत नाही, वारा येत नाही. छपराला भोक पाडायचं ते उजेडासाठी, आणि त्याच भोकात दोन तृतीयांश जागा भिंतीनं बुजवायची?

चांगल्या डॉर्मरचं दर्शनी तोंड म्हणजे खिडकी आणि तिची चौकट, बास. चौकटीपासून कोपऱ्यापर्यंत चार-पाच इंच, त्याहून जास्त नाही. युरोपातले जुने, निगुतीनं बांधलेले डॉर्मर पाहा. खिडकी काठोकाठ भरलेली असते, रुंदीपेक्षा उंची जास्त असते, आणि खालच्या मजल्यावरच्या खिडकीहून ती तसूभर लहानच असते. घर वर जाताना हलकं होत गेलं पाहिजे. खाली ३ फुटांची खिडकी आणि तिच्या डोक्यावर ७ फुटांचा ठोकळा असं झालं की रस्त्यावरून बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण घर डोकेजड झालंय एवढं दिसतं.

माझा हिशेब साधा आहे. खिडकी ३० इंच रुंद, ४ फूट उंच. दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच. एकूण ४० इंच, म्हणजे ३ फूट ४ इंच. असे दोन डॉर्मर, खालच्या खिडक्यांच्या बरोबर मध्यरेषेवर. दोन्ही मिळून ६ फूट ८ इंच जागा जाते, बाकीचं छप्पर छप्पर राहतं.

इथे ठेकेदाराची एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. ७ फूट त्यानं हवेतून काढलेले नाहीत. तो विटेत विचार करतो. साडेचार इंची वीट, दोन्हीकडून प्लास्टर, म्हणजे सहा इंचांची भिंत. वर लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई), त्याला दोन्ही बाजूंना टेकण. मग कोपरा कमजोर वाटू नये म्हणून आणखी एक वीट. रुंदी अशी विटेविटेनं वाढत जाते. चूक त्याच्या हातात नाही, सामानात आहे. कैच्यांवर विटेची भिंत उभी करायचीच कशाला? तेवढं वजन त्यांच्यावर टाकण्याचं काही कारणच नाही. लोखंडी अँगलची चौकट करा, बाजूंना सिमेंट बोर्ड लावा, दोन थरांच्या मध्ये उष्णतारोधक भरा. भिंत तीन-साडेतीन इंचांत बसते आणि रुंदीचं कारणच संपतं. मिस्त्रीला कागदावर काढून दाखवलं तर तो हे नक्की करेल, इंदुरात पत्र्या-अँगलचं काम करणारे हात कमी नाहीत.

दुसरा नियम लोकांना खड्ड्यात घालणारा आहे. 'कोणतंही छप्पर' म्हणे. २४ फूट खोल घर आणि ३० अंशांचा उतार घ्या. वळचणीपासून आढ्यापर्यंत आडवं अंतर १२ फूट, त्यात चढ ७ फुटांच्याही आत. पोटमाळ्याची जमीन वळचणीच्या पातळीला असेल तर मधोमध माणूस कसाबसा उभा राहील आणि सरासरी उंची साडेतीन फूट भरेल. त्यात डॉर्मर एक काढा नाहीतर दहा, ती खोली होत नाही.

हे माझं मत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची आवृत्ती, स्पष्ट सांगते: उतरत्या छपराखालच्या राहत्या खोलीची सरासरी उंची २.७५ मीटरपेक्षा कमी नको, आणि तुळईखाली किंवा वळचणीखाली मोकळी उंची किमान २.४ मीटर हवी. ९ फूट आणि जवळपास ८ फूट. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांच्यापैकी कुणी हे पान उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

बहिणीचं छप्पर यात बसतं, पण ते डॉर्मरमुळे नाही. उतार ४० अंशांचा ठेवला आहे आणि पोटमाळ्याच्या जमिनीपासून बाहेरची भिंत ३ फूट वर घेतली आहे, म्हणून. भिंतीपासून ६ फूट आत गेलं की डोक्यावर ८ फूट मिळतात, आढ्याखाली १३. म्हणजे मधली १२ फुटांची पट्टी खरी खोली, आणि दोन्ही अंगांना सहा-सहा फूट सामानाला, पुस्तकांना, गाद्यांना. डॉर्मर त्या बुटक्या पट्टीतून आरपार जातो आणि खोलीच्या काठाशी येऊन थांबतो. खिडकीशी एक कोनाडा तयार होतो, तिथे भाच्याचं टेबल बसतं. ३० अंशांच्या छपरावर हेच केलं असतं तर ४ फूट उंचीच्या खिडकीमागे ७ फुटांचं बोगद्यासारखं काही तयार झालं असतं. ४० अंशांवर ते पावणेपाच फुटांत आटोपतं. युरोपात डॉर्मर इतके सुटसुटीत दिसतात, कारण तिथली अशी छपरं जास्त उभ्या उताराची असतात. आपण फोटो तिथला उचलतो आणि उतार इथला ठेवतो.

उजेडाचंही संहितेत आहे. दारं सोडून खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ कोरड्या उष्ण हवामानात जमिनीच्या किमान एक-दशांश, दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश. इंदूर वाळवंट नाही आणि समुद्रकाठही नाही, मी एक-अष्टमांश धरतो. भाच्याची खोली १२ बाय १३, म्हणजे १५६ चौरस फूट, त्याचा आठवा हिस्सा साडेएकोणीस. माझ्या दोन खिडक्यांचे होतात २०. तिसऱ्याची गरजच नाही.

आता तिसरा नियम. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही ती याच्यामुळे. पश्चिमेला, पक्क्या बंद काचेचा डॉर्मर, आणि तोही बारा वर्षांच्या मुलाच्या खोलीत. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर जातो. दुपारी तीन ते सहा सूर्य पश्चिमेला खाली उतरत येतो आणि सरळ समोरून काचेवर पडतो. त्या वेळी वर पुढे आलेल्या छपराच्या कडेचा फारसा उपयोग होत नाही, कारण ऊन तिरपं, तिच्या खालून आत येतं. काच ऊन आत सोडते. ऊन पलंगावर, फरशीवर, भिंतीवर पडतं, त्या वस्तू तापतात, आणि त्यांची ऊब काच बाहेर जाऊ देत नाही. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत काय होतं ते प्रत्येकाला माहीत आहे. वर गरम हवा आढ्याखाली जमते आणि तिला जायला वाट नाही. 'गरमी बाहेर राहील' हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं अशा खोलीत एक दुपार काढलेली नाही.

यातही एक अर्धं सत्य आहे, ते सांगतो. छपरात उंचावर उघडणारी खिडकी असेल तर गरम हवा तिथून खरोखर निघून जाते. पण उघडणारी असेल तर. आणि हे शहर तर माळव्यातलं! 'शब-ए-माळवा' म्हणून ज्या रात्रींचं नाव झालं, त्या रात्रीचा गार वारा आत घ्यायची सोयच पक्की काच काढून घेते. पूर्वेच्या दोन्ही खिडक्या उघडणाऱ्या ठेवा, बाहेरून डासांची जाळी लावा, पश्चिमेकडचा उतार अखंड कौलांचा राहू द्या. वर आढ्याजवळ हवा जायला जाळीदार झरोका ठेवा. खोलीच्या मागच्या अंगाला थोडा उजेड हवाच असेल तर एक-दोन काचेची कौलं पुरतात. स्वस्तातल्या वस्तूनं होणारं काम एवढा खर्च घालून कशाला करायचं?

चौथ्या नियमात दोन वेगळ्या चुका एकत्र आहेत. आढं मुख्य आढ्याच्या रेषेत आणलं की छपराचं टोकच हरवतं. आपल्या ४० इंची डॉर्मरचं आढं जमिनीपासून सुमारे ९ फुटांवर येतं, मुख्य आढं १३ वर. त्या ४ फुटांच्या अंतरातच छप्पर मोठं आणि खिडकी छोटी दिसते. उतार मात्र दोन्हींचा सारखा ठेवायचा. राहिलं सिलिकॉन. डॉर्मरच्या दोन्ही गालांना (बाजूच्या भिंतींना), उंबऱ्याशी आणि मागे जिथे दोन छपरं मिळतात त्या दोन पन्हळींत पाणी जमतं. तिथे पत्राच लागतो. गालाला लागून कौलांच्या प्रत्येक ओळीमागे एक, काटकोनात वाकवलेला, वरचा तुकडा खालच्यावर चढलेला, गालावर सहा इंच वर नेलेला. सिलिकॉन काही उन्हाळ्यांनी सुटतं, आणि गळती कळते ती जुलैच्या झडीत, जेव्हा छपरावर कुणी चढू शकत नाही. ठेकेदार म्हणेल पत्र्यानं खर्च वाढतो. हो, वाढतो.

पाचव्यात बोलण्यासारखं काही नाही. १.६१८ नं खिडकी सुंदर होत नाही आणि दोन या आकड्यात अशुभ काही नाही.

सहावा: राजवाड्यावर डॉर्मर नाहीत. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि त्यातून बाहेर आलेले झरोके. झरोका भिंतीतून निघतो आणि घोडीवर (भिंतीतून पुढे काढलेल्या आधारावर) तोलला जातो, डॉर्मर छपरातून निघतो. दोन्ही सुंदर आहेत, पण एकाचं नाव दुसऱ्याला देऊन परंपरा तयार होत नाही. मेसेजमध्ये 'डॉर्मर हा शब्द झोपेवरून आला' असंही आहे, आणि तेवढं खरं आहे. मूळ फ्रेंच, झोपण्याची खोली. फक्त 'श्रीमंतीचं लक्षण' हे त्याला जोडलेलं शेपूट खोटं. पॅरिसच्या इमारतींत त्या खिडक्यांमागच्या खोल्या घरकामाच्या माणसांच्या होत्या.

सोमवारी सकाळी मी साइटवर गेलो. थर्मोकोलचे दोन तुकडे कापून नेले होते, एक ७ फुटांचा आणि एक ४० इंचांचा, दोन्हींवर खिडकी काळ्या शाईनं रंगवलेली. मिस्त्रीनं ते एकामागून एक वर धरले. मी, बहीण, मेहुणे आणि ठेकेदार रस्त्यापलीकडे उभे होतो. मोठा तुकडा वर गेला तेव्हा बहीण म्हणाली, "अगं बाई, हे तर वर दुसरं घर ठेवल्यासारखं दिसतंय." ठेकेदार काही बोलला नाही. त्यानं खिशातून टेप काढला आणि लहान तुकड्याची रुंदी स्वतः मोजून वहीत लिहून घेतली.