सफरचंदाचं झाड न पाहिलेल्या पोरांसाठी कीट्स

आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एकच विषय तापलाय: कोल्हापुरातल्या पोरांना इंग्रज कवी जॉन कीट्सची 'टू ऑटम' ही शरद ऋतूवरची कविता शिकवायची कशाला? सफरचंदाचं झाड त्यांनी बघितलेलं नाही, सफरचंदं पिळून सायडर नावाची दारू करायचा घाणा तर लांबच. मग इंग्लंडातल्या शरदाचं रसग्रहण पाठ करून मार्क कशाला मिळवायचे? त्यापेक्षा बालकवींची 'श्रावणमासी' घ्या, ती आपली. दुसरा पक्ष त्याहून रोकडा. म्हणे ऋतूच आता जाग्यावर नाहीत, ऋतूंच्या कविता हव्यात कुणाला? शेवटी एकानं मला ओढलंच, "भावा, तू तिकडंच असतोस, तूच सांग आता."

सांगतो. मी इंग्लंडात साउदॅम्प्टनला राहतो. विंचेस्टर इथून जवळच, रेल्वेनं थोडक्यात पोचता येतं. तिथंच १९ सप्टेंबर १८१९ ला इचिन नदीकाठानं फिरून आल्यावर कीट्सनं ही कविता लिहिली. आणि इथल्या पोरांनाही ती जडच जाते. माझ्या मुलीच्या वहीत कविता तीन रंगांच्या हायलायटरनं माखलेली होती: पिवळा मानवीकरणाला, गुलाबी अनुप्रासाला, हिरवा पंचेंद्रियांच्या प्रतिमांना. आमच्या गाईडात तरी दुसरं काय होतं? शेजाऱ्याच्या परसात सफरचंदांचा सडा पडलेला असतो, तरी कविता वहीतच राहते. तेव्हा सफरचंदावर खापर फोडू नका.

या कवितेत बघायचं असतं ते वेळ कशी सरकते ते. पहिल्या कडव्यात मधमाश्यांना वाटतं, हे उबदार दिवस आता संपतच नाहीत. दुसऱ्यात दुपार कलंडलीय, अर्धवट कापलेल्या शेतात शरद ऋतूच माणसासारखा पेंगतोय, त्याचा विळा पुढच्या फुलांपाशी थांबलाय. तिसऱ्यात नुसती धसकटं उरलीत आणि त्यांच्यावर मावळतीचा तांबूस उजेड. वसंतातली कोकरं अंगानं पुरी भरलीत. एका दिवसात अख्खा हंगाम बसवलाय. आदल्या डिसेंबरात कवीचा धाकटा भाऊ क्षयानं गेला होता, पुढं १८२१ मध्ये पंचविशीत तोही त्याच रोगानं गेला. कवितेत मात्र 'मी' हा शब्द एकदाही येत नाही.

घाण्याचंही तसंच. शरद तिथं बसून रसाचे शेवटचे थेंब तासन्‌तास निरखतो. हे करवीर-कागलच्या पोराला कळणार नाही म्हणता? गुऱ्हाळावर मळी काढून झाल्यावर गूळ करणारा गुळव्या काहिलीच्या कडेला कसा उभा असतो ते आठवा. चुलवाणात चिपाडं ढकलणारा त्याच्या तोंडाकडं बघत असतो, आणि गुळव्या हूं की चूं करत नाही. घाई केली की गूळ बिघडला. विंचेस्टरच्या शिक्षिकेला हा दाखला कुठून मिळणार? कोल्हापूरच्या सरांना तो फुकट आहे.

आता 'आपली' कविता. बालकवी धरणगावचे, खानदेशातले. त्यांच्या श्रावणात क्षणात सर येते आणि क्षणात ऊन पडतं. गगनबावड्याच्या पोराला विचारा बरं, त्याच्या श्रावणात सलग किती दिवस सूर्य दिसत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे एकेक उघडायला लागले की आम्हाला ऊन-पावसाचा खेळ आठवत नाही, पंचगंगेची पातळी आठवते. तरी ती कविता आम्हाला पाठ आहे आणि आवडतेही. मग परकेपणाचा नियम कीट्सलाच का?

ऋतू जाग्यावर नाहीत हे मात्र खोटं नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण बघितलंय. पण कीट्सच्या पिढीनंही ऋतू बिघडलेला बघितला होता. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ ला युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, पिकं गेली. त्यानंतर तीन वर्षांनी ही भरल्या धान्याची कविता आली. हंगाम हमखास मिळत नाही हे ठाऊक असलेल्या काळातली आहे ती. उलट महापूर बघितलेल्या आजच्या शिरोळच्या पोराला ती जास्तच लागू पडावी.

शेवटच्या ओळीत भिंगऱ्या, म्हणजे स्वॉलो पक्षी, आभाळात जमतात. इथल्या भिंगऱ्या त्या सुमाराला आफ्रिकेच्या दक्षिणेकडं निघतात. त्याच जातीच्या, पण आशियाच्या उत्तरेकडच्या भिंगऱ्या साधारण तेव्हाच आपल्याकडं उतरतात आणि ऊसतोड सुरू होते तेव्हा तारांवर ओळीनं बसलेल्या दिसतात. इंग्लंडात जी निरोपाची खूण, ती आपल्याकडं आगमनाची. आम्हाला हे शाळेत कुणी सांगितलं नाही. अर्थात तेव्हा आमचं लक्षही खिडकीबाहेरच असायचं, तारांवरच्या भिंगऱ्यांकडं असतं तर एक वेळ चाललं असतं.

तर गटाला माझं म्हणणं असं: दोन्ही कविता एकाच आठवड्यात घ्या. आणि 'अलंकार ओळखा' काढून पेपरात हे विचारा: बालकवींच्या श्रावणात सूर्यास्त झालासा वाटतो आणि पुन्हा झाडांच्या शेंड्यांवर पिवळं ऊन पडतं, म्हणजे वेळ घडीभर मागं फिरते. कीट्सकडं वसंताची गाणी कुठं गेली असं विचारलं जातं आणि लगेच बजावलं जातं, त्यांचा विचार नको. दोघांतला कोण तुम्हाला पटतो, आणि का? पाच मार्क. गाईडवाल्यांना उत्तर छापायला निदान एक वर्ष तरी लागेल.