मोठी मामी इस्लामपूर

२०२१ साली मी पुण्यात कर्ज देणाऱ्या एका ॲपवर काम करत होतो. एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक दिवसांच्या कामाच्या फेरीत, माझ्या नावावर टिकेट (नेमून दिलेल्या कामाची नोंद) पडलं: कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ द्यायचा नाही. 'नाही' दाबलं की तीच स्क्रीन पुन्हा. दीड दिवसाचं काम. मी विचारलं, कर्ज द्यायला माणसाच्या फोनमधले सगळे नंबर कशाला लागतात? मॅनेजर म्हणाले, "रिस्क टीमला हवंय. आपलं काम कोड लिहायचं." मी लिहिला. रावेतच्या फ्लॅटचा हप्ता चालू होता आणि अप्रेझल महिन्यावर आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात गावी आईला फोन आला. माझ्या आतेभावानं अशाच दुसऱ्या एका ॲपवरून कर्ज काढलं होतं. मंजूर पाच हजार, हातात साडेतीन, फेड सात दिवसांत. त्याच्या फोनमध्ये आईचा नंबर 'मोठी मामी इस्लामपूर' असा होता. वसुलीवाल्यानं तेच नाव वाचून आईला हाक मारली आणि मग नको नको ते बोलला. आई रडत मला विचारत होती, "अरे, मी त्याची मामी लागते हे त्या माणसाला कसं कळलं?"

मला माहीत होतं कसं कळलं. तिला सांगायचं धाडस त्या दिवशी झालं नाही.

२ सप्टेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जाचे नियम काढले. कर्जाच्या ॲपनं फोनमधल्या फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे तो कोड एका दुपारीत निघाला आणि कर्जवाटप पूर्वीसारखंच चालू राहिलं. म्हणजे त्याची गरज कधीच नव्हती! एक प्रश्न विचारून मी गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

"मी नाही केलं तर दुसरा करेल" हे वाक्य आपल्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात रोज ऐकू येतं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर गाडीची प्रदूषण चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं. त्या प्रकरणात जेम्स लियांग या इंजिनिअरला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. तो कंपनीचा मालक नव्हता. आपल्याकडे कोड लिहिणाऱ्यापर्यंत सहसा कुणी पोचत नाही, त्यामुळे आपला हात कुणी धरणार नाही. तो आपणच आवरायचा आहे.

नुकत्याच लागलेल्या पोरानं नोकरीवर पाणी सोडावं, असं मी म्हणणार नाही. घरी पैसे पाठवायचे असतात, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो, बाजार थंड असतो. पण ज्यांची दहा-पंधरा वर्षं झाली, गाठीला सहा महिन्यांचा खर्च आहे, त्यांनी तोंड उघडायलाच हवं. ज्युनियर मिटिंगमध्ये आपल्याच तोंडाकडे बघत असतात.

गेल्या महिन्यात आमच्या टीमकडे काम आलं: सबस्क्रिप्शन रद्द करायचं बटण चार स्क्रीन आत न्यायचं. असल्या 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनाई आहे. टिकेट सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीच्या नावावर होतं. मी ते माझ्या नावावर घेतलं, खाली कारण लिहिलं आणि प्रॉडक्ट हेडना टॅग केलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. निर्णय अजून झालेला नाही. अप्रेझल याही वेळी महिन्यावरच आहे. टिकेट माझ्याच नावावर उघडं आहे, कोड लिहिलेला नाही.