गुळाने टँक सायकल होत नाही

फिशटँकवाल्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरायला लागलाय: "नवीन टँकमध्ये चिमूटभर गूळ टाका, एअर पंप रात्रभर बंद ठेवा, नायट्रोबॅक्टर गूळ खाऊन झपाट्याने वाढतात, सकाळी नायट्राइट शून्य." टँक सायकल होणं म्हणजे माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी विषारी नायट्राइट आणि मग त्याचं बरंच कमी विषारी नायट्रेट करणारे बॅक्टेरिया नव्या टँकमध्ये रुजणं; नायट्रोबॅक्टर हे त्यातले नायट्राइटचं नायट्रेट करणारे. एवढ्याशा मेसेजमध्ये इतकं चुकीचं भरलंय की एकेक काढूनच बघावं लागेल.

"गूळ खाऊन वाढतात". नाही हो. हे बॅक्टेरिया नायट्राइटमधून इलेक्ट्रॉन काढून घेतात, त्याचं नायट्रेट होतं, आणि त्यातून मिळालेल्या एनर्जीवर पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधतात. कार्बन पाण्यात आहेच, अडतं ते एनर्जीवर. एका मोल (रेणू मोजायचं एकक) नायट्राइटमागे जेमतेम 74 किलोज्यूल मिळतात, आणि त्यातलीही काही एनर्जी इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने ढकलून एनएडीएच (पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) बनवण्यात जाते, कारण त्याशिवाय कार्बन डायऑक्साइड पकडताच येत नाही. पगार तुटपुंजा आणि वर प्रवासखर्च खिशातून, असा सगळा मामला. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडायला साधारण 80 ते 100 नायट्राइट खर्ची पडतात! आता खरं सांगायचं तर नायट्रोबॅक्टरच्या काही जाती पायरुवेट, अ‍ॅसिटेट वापरू शकतात, पण ती वाढ काही झपाट्याची नसते, आणि टँकमध्ये गूळ पडला की तो साखरेवर जगणारे दुसरेच बॅक्टेरिया आधी फस्त करतात, पाणी दुधाळ होतं ते त्यांच्यामुळे.

"सकाळी शून्य". इतक्या कमी कमाईवर एका रात्रीत फौज कशी उभी राहणार? ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना चांगल्या परिस्थितीतही कित्येक तास ते दिवस लागतात.

नायट्रोबॅक्टरचं म्हणाल तर गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे दुसरे बॅक्टेरिया करतात, हे 1998 मध्येच दाखवलं गेलंय. त्यांचा कार्बन पकडायचा रस्ताही वेगळा आहे, नायट्रोबॅक्टर झाडांसारखं केल्विन सायकल (कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणारं चक्र) वापरतात तर नायट्रोस्पायरा क्रेब्ज सायकल (एरवी पेशीत अन्न जाळणारं चक्र) उलटं फिरवतात.

आणि पंप बंद?? हा तर सगळ्यात घातक सल्ला आहे. ते इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनलाच द्यायचे असतात, ऑक्सिजन संपला की नायट्राइटचं काम ठप्प. त्यात गुळावर वाढलेले बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन ओढून घेणार, आणि नायट्राइटने माशाचं रक्त आधीच ऑक्सिजन नीट वाहू शकत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार मासेच खाणार.

हे गुळाचं खूळ बहुतेक बायोफ्लॉकवरून (बॅक्टेरियाच्या गुठळ्यांकडून पाणी स्वच्छ ठेवून कोळंबी-मासे वाढवायची पद्धत) आलं असावं. कोळंबीवाले गूळ किंवा मळी टाकतात ते खरंय, पण तिथे साखर खाणारे बॅक्टेरिया अमोनिया थेट स्वतःच्या शरीरात घेतात, तो हिशोबच वेगळा, आणि तिथे एअरेशन रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. तुम्हाला घाईच असेल तर कुणाच्यातरी चालू, निरोगी टँकमधला, हे बॅक्टेरिया आधीच बसलेला फिल्टरचा जुना स्पंज आणून फिल्टरमध्ये टाका, फक्त तो नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात धुऊ नका.