सूत मजबूत आहे हो, पण केस फुलतात का?

दादा, हरणाच्या केसांची बेडकाच्या आकाराची फ्लाय, म्हणजे माशाला भुलवायला गळावर बांधायचं आमिष, बांधायला कुठला दोरा घ्यावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. म्हणणं असं की, इचलकरंजीत सुतात हयात गेली, शिलाई मशीनचा पॉलिएस्टर दोरा चांगला मजबूत असताना लोकांना महागड्या जीएसपीच्या (जेल-स्पन पॉलिथिलीन दोऱ्याच्या) नादी का लावता? वर हा जीएसपी केस कापतो. आणि जुने लोक काय जीएसपीने बांधायचे?

तुमच्याच हिशेबाने बोलू. 40/2 चा शिलाई दोरा म्हणजे 40 काउंटचे दोन पदर, मिळून 20 काउंट. काउंटचं डेनियर (9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन) करायला 5315 ला 20 ने भागा, 266 डेनियरच्या आसपास येतो. मी सांगितलेला जीएसपी 130 डेनियरचा, म्हणजे वजनात निम्मा, आणि तरी हाताला झटका देऊन तुटत नाही. तुमचा दोरा किलोभर ताणाला जातो. मशीनला तेवढं पुष्कळ. इथे मात्र पेन्सिलीएवढा केसांचा झुपका गळाच्या दांडीवर धरायचा, त्यातली लव आधी विंचरून काढायची, दोन सैल वेढे घालायचे आणि दोरा सरळ खाली ओढत झुपका सोडायचा. केस पोकळ, आत हवेच्या पेशी. दोरा आवळला की ते दुमडून उभे राहतात आणि दांडीभोवती फिरतात. हे सगळं त्या एका ओढीत होतं. तुटायच्या भीतीने हात जरा आखडला तर केस अर्धवट फुलतात, पुढचा झुपका त्यांना चिकटून बसत नाही, मधल्या फटींत पाणी शिरतं. मग पानवेलीतली मरळ दोनदा झोंबली की अख्खा बेडूक गळावर गरागरा फिरायला लागतो.

शिवाय तुमचा दोरा आखूड तंतूंचा, पीळदार आणि लवदार. केसांतून पुढे आणताना तो केसांना धरून बसतो आणि झुपका फिरायचा थांबतो. जीएसपी मुळातच घसरडा.

केस कापण्याचं म्हणाल तर कापतो तो 50 डेनियरचा. त्याने केस फिरवायला जाऊच नये. 130 चाही कापेल, जर पीळ पडून त्याची तार झाली तर. प्रत्येक वेढ्याला दोऱ्यात थोडा पीळ चढतो, म्हणून अधूनमधून बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरायची दांडी) लोंबकळत सोडून उलटी फिरवायची, दोरा फितीसारखा चपटा होतो. चपटा दोरा दाबतो, कापत नाही. घसरडेपणाची किंमत इतकीच की अर्धगाठ सुटते. प्रत्येक झुपक्यापुढे गाठ मारून फेविक्विकचा बारीक थेंब द्या. केव्हलार हा दुसरा मजबूत कृत्रिम दोरा मी सुचवत नाही, तो उन्हात कमजोर होतो आणि कात्रीची वाट लावतो.

जुन्यांबद्दल. डॉन गेपेन यांनी 1930 च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर मडलर मिनो नावाची फ्लाय बांधली, तेव्हा जीएसपी नव्हताच, कबूल. पण त्या फ्लायचं डोकं विरळ केसांचं, एकदोन झुपक्यांत संपतं. तिला साधा दोरा आजही चालेल. मी लिहीत होतो बेडकाबद्दल, ज्यात झुपक्यामागे झुपका ठासून भरायचा असतो.

एका ओळीवर मात्र स्पष्टच बोलतो. गावाकडून सांबराचे केस मिळतात म्हणालात. ते घेऊ नका, दुसऱ्याला सांगूही नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, राधानगरी अभयारण्याच्या जिल्ह्यात राहून हे मी सांगायला नको. मी व्हाइटटेल हरणाचे केस वापरतो, ते हरीण उत्तर अमेरिकेतलं, बिल जपून ठेवलंय.

स्वस्तात करायचंच असेल तर मासेमारीच्या जाळ्याचं सूत बघा. ते 210 डेनियरचे एकेरी नायलॉन धागे एकत्र वळून करतात. वळण्याआधीचा एकेरी धागा तुमच्या ओळखीत कुठे मिळाला तर तो चपटा बसेल. नायलॉन ताणतो, म्हणून झुपके जरा लहान घ्यावे लागतील. रीळभर माझ्याकडेही पाठवा, बांधून फोटो टाकतो.